आजी म्हणाली होती, मी मत दिलंय

गेल्या एप्रिलमध्ये माझी नात अठरा वर्षांची झाली. तिचा जन्म बहरीनचा, शाळा इथलीच, आणि आता शिक्षणही बुसैतीनमधल्याच वैद्यकीय विद्यापीठात. पासपोर्ट भारताचा आणि त्यावरचा पत्ता पुण्याचा. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिने विचारलं, "आजी, मला आता मत देता येईल ना? कुठे जाऊन द्यायचं?"

मी उत्तर देण्याआधीच स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला. "अगं, त्यासाठी विमानाचं तिकीट काढून जायचं का? एका मताने काय होतंय?"

मी गप्प बसले. मंडळी, मी ३४ वर्षं पुण्यातल्या महाविद्यालयात इतिहास शिकवला. मताधिकाराचा इतिहास हाच माझ्या पीएच.डी.चा विषय. दर निवडणुकीच्या वेळी वर्गात मुलांना मतदानाचं महत्त्व सांगितलं. आणि मे २०२४मध्ये पुण्यात मतदान होतं तेव्हा मी इथे लेकीकडे होते. तिकिटं महाग होती, गुडघे दुखत होते, ऊन्ह होतं. गेले नाही. कुणी विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. म्हणून त्या संध्याकाळी नातीला काही सांगायचा मला धीर झाला नाही. आज या अंकाच्या निमित्ताने सांगते. ज्या मुलांना देवनागरी वाचायला जड जातं, त्यांना आईबाबांनी वाचून दाखवावं, ही विनंती.

आजीची थाप

माझा जन्म १९५१चा, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं सार्वत्रिक मतदान सुरू झालं. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला हे शिकले तेव्हा मला कोण अभिमान वाटला! घरी येऊन मी आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, सगळं सांगितलं. ती जात्यावर बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "म्या त्याच्या आदी मत दिलंय. सायबाच्या राज्यात."

मी हसले. "आजी, तेव्हा मतदान नव्हतंच. आणि असलं तरी तुझ्यासारखीला कोण विचारणार?" आजीला अक्षर येत नव्हतं. जमीन होती ती दोन वेळच्या भाकरीपुरती. ती एवढंच म्हणाली, "दिलंय म्हंजे दिलंय. बैलगाडीनं गेलो हुतो तालुक्याला. तलाठ्यानं यादीत नाव घालताना कारभाऱ्यांचं नाव इचारलं. म्या कसं घेणार? तुज्या बापानं सांगितलं."

मी घरभर सांगत सुटले की आजी थापा मारते. आजी काही बोलली नाही. १९६८ साली ती गेली. शेवटपर्यंत आमच्या घरात हा एक विनोद होता: आजीने इंग्रजांना मत दिलं.

जयकर ग्रंथालयातला एक दिवस

त्यानंतर सुमारे नऊ-दहा वर्षांनी मी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसले होते. प्रबंधाचा विषय होता मुंबई इलाख्यातला मताधिकार. समोर सरकारी अहवालांची जाड, पिवळी पडलेली बाडं. ज्यांनी असं काम केलंय त्यांना ठाऊक असेल, अशा कागदांत भाषणं कमी आणि अटी जास्त असतात. मताधिकाराचा इतिहास म्हणजे खरं तर अटींचा इतिहास. कोण आत, कोण बाहेर, आणि कोणत्या कलमामुळे.

मुंबईपुरतं बोलायचं तर ही गोष्ट १८७२च्या महापालिका कायद्यापासून सुरू होते. ६४ जणांची महापालिका, त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे. म्हणजे मत माणसाला नव्हतं, त्याने भरलेल्या कराला होतं. पुढे १९१९च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांसाठी मतदार वाढले, तरी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात ते पन्नास लाखांच्या आसपासच. शेतसारा, घरपट्टी, प्राप्तिकर, यांपैकी काहीतरी भरत असाल तर मत. निवृत्त सैनिकाला मात्र या अटी न लावता मत होतं. सरकारची चाकरी त्याने रक्ताने केली, हा त्यामागचा हिशेब.

हा कायदा होण्याआधी कुणाला मत द्यावं याची चौकशी करायला साउथबरो समिती आली होती. तिच्यापुढे २७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापकाने साक्ष दिली. ते प्राध्यापक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मालमत्तेची अट उंच ठेवली तर ज्यांना मालमत्ता करूच दिली नाही ते कायमचे बाहेर राहतील, हा त्यांचा मुद्दा. दहा वर्षांनी, सायमन कमिशनच्या वेळी, मुंबईच्या प्रांतिक समितीत असताना त्यांनी १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर माणूस म्हणजे अडाणी माणूस नव्हे, आणि ज्यांनी लोकांना निरक्षर ठेवलं त्यांनीच त्या निरक्षरतेचं कारण पुढे करून मत नाकारू नये, असं त्यांनी त्यात मांडलं. आता हे सगळं महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत सहज मिळतं. तेव्हा मूळ बाडं उपसावी लागत. धूळ इतकी, की मी नाकाला पदर लावून वाचायची.

बायकांची गोष्ट वेगळीच. साउथबरो समितीने बायकांना मत द्यायला नकार दिला. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन या दोघी १९१९ साली थेट लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे उभ्या राहिल्या. मिठन पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री ठरली. या दोघींच्या खटपटीनंतरही लंडनने निर्णय स्वतः घेतला नाही, तो प्रांतांवर ढकलला. इकडे रमाबाई रानडे आणि त्यांच्या मैत्रिणी उभ्या होत्याच. १९२१ साली मद्रास आणि मुंबईच्या कौन्सिलांनी बायकांवरची बंदी उठवली. पण मालमत्तेची अट तशीच राहिली. ज्या बाईच्या नावावर काही नाही तिला ते मत कागदावरच.

मग आला १९३५चा कायदा. त्याच्या सहाव्या परिशिष्टात प्रत्येक प्रांतात मतदार कोण याच्या अटी दिल्या आहेत. मुंबई इलाख्याच्या अटी मी टिपून घेत होते. बायकांसाठी काही जादा अटी होत्या. लिहिता-वाचता येणारी. ठरावीक मिळकत असलेल्याची बायको. आणि पुढे: पलटणीतल्या सैनिकाची पेन्शन मिळणारी विधवा, किंवा पेन्शन मिळणारी आई.

मी पेन खाली ठेवलं.

माझे आजोबा मराठा पलटणीत होते. घरात '११७ नंबरची पलटण' असं सांगत. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात गेले आणि १९१५च्या नोव्हेंबरात, बगदादच्या अलीकडे टेसिफोनच्या लढाईत पडले. आजी तेव्हा विशीतली, माझे वडील दोन वर्षांचे. घरात देवळीत एक जाड पितळी बिल्ला होता, आणि दर महिन्याला तालुक्याच्या कचेरीतून येणारी पेन्शन होती. सैनिकाची पेन्शनर विधवा. १९३७च्या निवडणुकीत त्या कलमाने आजीला मत होतं. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते तीन कोटींच्या आसपास. गावातल्या बहुतेक बायकांना, पुष्कळ पुरुषांना मत नव्हतं. माझ्या निरक्षर आजीला होतं. ती थाप मारत नव्हती. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जे नव्हतं ते तिने केलं होतं, आणि मी तिला हसले होते.

त्या दिवशी ग्रंथालय बंद होईपर्यंत मी पुढचं पान उलटलं नाही.

नाव न घेणाऱ्या बायका

पण या हक्कात एक काटा होता. आजीला मत मिळालं ते आजीचं नव्हतं. नवरा मेला म्हणून मिळालेलं होतं. शेजारच्या ज्या बाईचा नवरा पलटणीतून जिवंत परत आला, त्या नवऱ्याला मत होतं. जिचा नवरा पलटणीत कधी गेलाच नाही, तिला बहुधा काहीच नव्हतं. राज्यकर्त्यांच्या हिशेबात बाई म्हणजे कुणाची तरी विधवा, कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको.

हा हिशेब २६ जानेवारी १९५० रोजी संपला. राज्यघटनेच्या ३२६व्या कलमाने २१ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मत दिलं. शिक्षण नको, सारा नको, नवरा नको. (पुढे १९८९मध्ये वय १८वर आलं.) पण कायद्यात लिहिणं वेगळं आणि यादीत नाव येणं वेगळं. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा पहिल्या निवडणुकीवरचा अहवाल मी नंतर वाचला. १७ कोटी ३२ लाख मतदारांची यादी झाली, पण काही राज्यांत याद्या करणाऱ्यांना एक विचित्र अडचण आली. बाया आपलं नाव सांगेनात. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? मग याद्यांत लिहिलं गेलं, अमक्याची बायको, तमक्याची आई. सेन यांनी ठाम भूमिका घेतली. नाव नसेल तर मतदार नाही. नावं सांगायला जादा मुदत दिली, तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीत येऊ शकली नाहीत. यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत इकडच्या पुष्कळ होत्या.

आपल्याकडे बाईला स्वतःचं नाव सांगायची लाज नव्हती, नवऱ्याचं घ्यायची होती. ते उखाण्यातच घ्यायचं, तेही हळदीकुंकवाला किंवा लग्नात. सरकारी कागदावर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं हवं. म्हणून तलाठ्यापुढे आजी अडली आणि माझ्या वडिलांनी सांगितलं. तिने सांगितलेली ती बारीकशी गोष्टसुद्धा किती खरी होती!

१९५२ साली आमच्या घरातून दोन बायका मत द्यायला गेल्या, आजी आणि आई. आईचा नवरा, म्हणजे माझे वडील, सुखरूप घरी होते. तरी तिला मत होतं, कारण ती सज्ञान होती, बस्स. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर खूण करायची नाही, आपल्या पेटीत टाकायची. मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात अशा लाखो पोलादी पेट्या बनल्या होत्या. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, असं सांगतात.

बहरीनच्या पाण्यात

आता बुसैतीनकडे येते. लेकीकडे मी राहायला आले तेव्हा वाटलं, इथे माझ्या विषयाचं काय मिळणार? पण आखाताचं आणि मुंबईचं नातं आपण समजतो त्याहून जुनं आहे. बुशेरला बसणारा ब्रिटिश रेसिडेंट १८७३पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. १९६५मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालत होता. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं जे दफ्तर आहे त्यातले आखाताविषयीचे कागद आता कतार डिजिटल लायब्ररीत घरबसल्या पाहता येतात. पूर्वी ज्यासाठी लंडनला जावं लागे ते आता माझ्या मांडीवर उघडतं. नातीने मला ते कसं शोधायचं हे शिकवलं. मी तिला जुनी सरकारी इंग्रजी कशी वाचायची ते शिकवलं.

असंच एकदा आम्ही दोघी पहिल्या महायुद्धाविषयी वाचत होतो. ऑक्टोबर १९१४मध्ये पुणे डिव्हिजनमधली सोळावी ब्रिगेड मुंबईहून जहाजांनी निघाली. युद्ध अजून तुर्कस्तानशी जाहीर झालं नव्हतं. त्यामुळे जहाजं वाटेत थांबवली गेली. २३ ऑक्टोबरला ती थांबली ती बहरीनच्या पाण्यात. काही दिवस इथे नांगर टाकून होती, मग शत अल-अरबच्या मुखाशी फावला गेली. त्या ब्रिगेडमध्ये चार पलटणी होत्या. त्यातली एक ११७वी मराठा.

नात माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुझे आजोबा इथे आले होते?"

आमच्या घरातल्या सांगण्याप्रमाणे हो. आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं की आपल्या घरातून आखातात आलेले आपणच पहिले. माझ्या आजोबांनी १११ वर्षांपूर्वी जहाजाच्या कठड्यावरून हाच किनारा पाहिला असणार, आणि वर्षभरात ते गेले. बसऱ्याला त्या मोहिमेतल्या मृतांचं स्मारक आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा आहे. आजोबा त्या आकड्यातले एक. त्यांचं नाव दगडावर आलं नाही. त्यांच्या मरणामुळे आजीचं नाव मात्र मतदारयादीत छापलं गेलं. या दोन यादींचा मी किती दिवस विचार करत होते.

इथलाही मतदानाचा इतिहास आहे. मनामाची नगरपालिका १९१९ची, अरब आखातातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. १९७३च्या राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीत मत फक्त पुरुषांना होतं. फेब्रुवारी २००१मध्ये राष्ट्रीय सनदेवर कौल घेतला गेला त्यात बहरीनच्या बायकांनीही मत दिलं, आणि २००२पासून त्या संसदेच्या निवडणुकीत मतदार आहेत, उमेदवारही आहेत. २००६मध्ये लतीफा अल गऊद बिनविरोध निवडून आल्या. हे वाचून नात म्हणाली, "म्हणजे माझ्या वर्गातल्या मैत्रिणींच्या आज्यांना मत नव्हतं?" मी म्हटलं, "त्यांनाच विचार. माझ्यासारखी हसू नकोस फक्त."

आपलं नाव कुठे आहे?

आता आपल्याविषयी. बरीच वर्षं परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाची अवस्था विचित्र होती. नागरिक आहे, पण मतदार नाही, कारण यादीत नाव यायला त्या ठिकाणी 'सर्वसाधारणपणे राहणारा' असावं लागे. २०१०मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०११पासून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव नोंदवता येऊ लागलं. अट एकच, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. अर्ज आहे नमुना ६-अ, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो. या नोंदणीला मतदार ओळखपत्र मिळत नाही, मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर जावं लागतं. जाणं चुकत नाही. दुसऱ्याच्या हातून मत देण्याची सोय करणारं विधेयक २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण पुढे ती लोकसभा संपली आणि विधेयकही बारगळलं. टपालाने मतपत्रिका पाठवण्याचा प्रस्ताव २०२०मध्ये आयोगाने सरकारकडे दिला. अजून तरी विमानाला पर्याय नाही.

२०२४च्या लोकसभेला असे नोंदणी केलेले परदेशस्थ मतदार होते १ लाख १९ हजारांच्या थोडे वर. त्यातल्या तीन हजारांहूनही कमी लोकांनी प्रत्यक्ष मत दिलं, आणि ते जवळजवळ सगळे केरळचे. आखातात राहणारे आपले मल्याळी शेजारी मतदानाच्या आठवड्याला सुट्टी जुळवून गावी जातात. आपण गणपतीला जातो, लग्नाला जातो.

कुणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. नोकरी, रजा, मुलांच्या परीक्षा, तिकिटाचे पैसे हे सगळं खरं आहे. मी तर निवृत्त, मला रजाही घ्यायची नव्हती. आणि एका मताने काय होतंय, या लेकीच्या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. बहुतेक वेळा एका मताने निकाल फिरत नाही. पण यादीत नाव नसलेल्या माणसांचे कागद मी आयुष्यभर वाचले आहेत. त्यांच्याविषयी इतर लोक ठरवतात, बोलतात, अहवाल लिहितात. ते स्वतः कुठेच बोलत नाहीत. घरातली पहिली मतदार बाई नवऱ्याच्या जिवाच्या बदल्यात यादीत गेली, आणि तरी ती बैलगाडीत बसून, उन्हातान्हात तालुक्याला गेली. तिला कुणी विचारलं असतं एका मताने काय होतंय, तर ती काय म्हणाली असती कोण जाणे. बहुधा काहीच नाही. पदर खोचून गाडीत बसली असती.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी नातीने आणि मी नमुना ६-अ भरायला घेतला. तिने नाव टाकलं, पासपोर्टचा क्रमांक टाकला. मग थांबली. "आजी, इथे नातेवाईकाचं नाव विचारलंय. कुणाचं लिहू?"

"तुझ्या आईचं लिही," मी म्हटलं.

लेक दारात उभी होती. म्हणाली, "स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच लिही गं, नाहीतर परत पाठवतील." आणि मग थोड्या वेळाने, "माझाही भरून टाक."

पुढची लोकसभा २०२९मध्ये. मी तेव्हा ७८ वर्षांची असेन. गुडघे आजच्यापेक्षा वाईट असतील, ऊन्ह तेवढंच असेल. तिघींनी मिळून जायचं ठरलंय. आजीची माफी मागायची राहून गेली, ती तेव्हा मागेन.